सात गोल खाल्लेली पोरगी आणि बेस्ट गोलकीपरचं बक्षीस

गेल्या डिसेंबरात आमच्या भाचीनं एका मॅचमध्ये सात गोल खाल्ले. रोलर हॉकीची मॅच, पायात चाकाचे स्केट्स, हातात स्टिक, आणि गोलकीपर म्हणल्यावर घोट्यापासून कपाळापर्यंत एवढं पॅडिंग की आमची ती बारा वर्षांची काडी एकदम आखाड्यातला पैलवान दिसायला लागते. बेळगावात बर्फ कुठला, किल्ला तलावाचं पाणी ऐन थंडीतसुद्धा गोठत नाही, पण स्केटिंगचं वेड इथं जुनं आहे. तर ती मॅच ७-१ नं गेली आणि पोरगी हेल्मेट न काढता कोपऱ्यात जाऊन बसली. हेल्मेट का काढत नव्हती ते सांगायला नको.

मी तिच्या गोलच्या मागं जाळीला टेकून उभा होतो. हातात भडंगाची पुडी होती, भडंग संपलं, मग करायला काही नाही म्हणून खिशातल्या पेननं त्याच तेलकट कागदावर रेघा मारत राहिलो, चार उभ्या एक आडवी, दूधवाला रतीबाच्या मारतो तशा. अडवलेल्या शॉटला रेघ आणि गोलला फुली. मॅच संपली तेव्हा फुल्या सात होत्या, त्या काय सगळ्यांनीच मोजल्या होत्या, पण रेघा चौतीस होत्या आणि त्या फक्त माझ्या कागदावर होत्या. म्हणजे त्या पोरीवर ४१ शॉट आले आणि तिनं ३४ अडवले. पलीकडच्या गोलमध्ये अख्ख्या मॅचमध्ये सहा शॉट गेले असतील, त्यातला एक आत.

संध्याकाळी बक्षीस समारंभ झाला, नारळ, शाल, भाषणं सगळं झालं, आणि ‘बेस्ट गोलकीपर’ची ट्रॉफी त्या पलीकडच्या पोरीला मिळाली. तिचा काही दोष नाही हां यात, गुणी पोर आहे, पण मॅचभर ती बिचारी थंडीनं काकडत उभी होती. मी कमिटीतल्या एकांना कागद दाखवला तर ते हसले, म्हणाले, “अहो सगळ्यात कमी गोल तिनंच खाल्लेत की. नियम आहे की तसा.”

स्पर्धेचं नाव सांगत नाही, कारण हा एकट्या त्यांचा दोष नाही. खानापूरपासून निपाणीपर्यंत, हॉकी असो फुटबॉल असो, गोलकीपरचं बक्षीस असलंच तर ते असंच ठरतं. आणि गंमत म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या आइस हॉकी लीगमध्ये, एनएचएलमध्ये, पन्नासाहून जास्त वर्षं हाच येडेपणा चालू होता. तिथं गोलकीपरला वेझिना ट्रॉफी मिळते. जॉर्ज वेझिना म्हणून मॉन्ट्रियलचा गोलकीपर होता, १९२६ साली टीबीनं गेला, त्याच्या नावानं ही ट्रॉफी सुरू झाली. आणि १९८१ पर्यंत ती कुणाला, तर ज्या टीमनं सीझनमध्ये सगळ्यात कमी गोल खाल्ले तिच्या गोलकीपरला. म्हणजे पुढं चांगले डिफेंडर असले की तुमचं काम झालं. शेवटी त्यांनाच ते पटेना, मग १९८१-८२ च्या सीझनपासून कमी गोलांसाठी वेगळी जेनिंग्ज ट्रॉफी काढली आणि वेझिना टीमांच्या जनरल मॅनेजरांच्या मतदानावर द्यायला लागले. आपण अजून त्या १९८१ च्या मागंच आहोत.

माझं म्हणणं एवढंच आहे की गोलकीपर किती गोल खातो यावरून तो ओळखू येत नाही, गोल खाल्ल्यावरच्या पुढच्या पाच मिनिटांत तो काय करतो यावरून येतो. आणि ती पाच मिनिटं आपल्याकडं कोणच बघत नाही, तेव्हा सगळे गोल मारणाऱ्याच्या गळ्यात पडलेले असतात.

आपली भाषासुद्धा बघा की. गोल मारणारा ‘मारतो’ आणि गोलकीपर ‘खातो’. बोलणी खातो, मार खातो, लाच खातो, त्याच रांगेत गोल खातो. अडवला तर त्याला वेगळं क्रियापदच नाही, ‘वाचवला’ म्हणतात, म्हणजे कायतरी अपघात होणार होता तो टळला. मारलेल्या गोलाचा आवाज होतो, अडवलेल्याचा होत नाही.

बर्फावरचा गोलकीपर म्हणजे नेमकं काय काम करतो ते ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कारण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच, आपल्या घरातली सहा बाय चारची लोखंडी कॉट आडवी उभी केली की झालं. त्यात येतो पक, तीन इंच व्यासाची, एक इंच जाड, कडक रबराची चकती, वजन साधारण १७० ग्रॅम, क्रिकेटच्या बॉलपेक्षा थोडं जास्तच, आणि ती मॅचच्या आधी गोठवून ठेवतात म्हणजे उड्या मारत नाही. हाणणारे तिला ताशी दीडशे-एकशे साठ किलोमीटरनं हाणतात. गोलपासून वीसेक मीटरवरच्या निळ्या रेषेवरून मारलेला तसला शॉट अर्ध्या सेकंदाच्या आत गोलवर असतो, आणि मधे चार-पाच जण मुद्दाम डोळ्यासमोर उभे राहिलेले असतात. असे एका मॅचला तीसेक शॉट. तीसमधले सत्तावीस अडवले तर नव्वद टक्के, आणि हे नव्वद टक्के म्हणजे आपल्याकडं दहावीला पेढे वाटायचे मार्क, तिथं मात्र जेमतेम पास. एक्क्याण्णव-ब्याण्णव टक्केवाला स्टार आणि एकोणनव्वदवाला बाकावर. त्या दोघांत फरक किती, तर तीस शॉटमागं एखादा. हा फरक फक्त हातापायांच्या चपळाईचा असेल असं मला वाटत नाही, त्या पातळीवर चपळ तर सगळेच असतात.

कॅनडातल्या कॅलगरी युनिव्हर्सिटीत जोन व्हिकर्स म्हणून बाई आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं २००६ मध्ये गोलकीपरांच्या डोळ्यांची हालचाल टिपणारं यंत्र लावून अभ्यास केला होता. निघालं काय, तर शॉट अडवला जातो तेव्हा गोलकीपरची नजर शॉट सुटायच्या आधीच पक आणि स्टिकवर जाऊन बसलेली असते, आणि शांत बसलेली असते, इकडंतिकडं भिरभिरत नाही. म्हणजे अडवायचं काम शॉट मारायच्या आधीच निम्मं झालेलं असतं. आता सांगा, जो मागच्या गोलाचा विचार करत उभा आहे त्याची नजर कशी बसणार.

याच्यावर तिकडच्या गोलकीपरांनी एकेक तोडगे काढलेत. पॅट्रिक र्‍वा, प्लेऑफमधल्या, म्हणजे सीझन संपल्यावरच्या बाद फेऱ्यांमधल्या, सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी तीनदा जिंकलेला एकमेव माणूस, तो गोलच्या खांबांशी बोलायचा. ब्रेडन होल्टबी हेल्मेट वर करून बाटलीतून पाण्याची पिचकारी हवेत मारायचा आणि त्यातला एकच थेंब खाली पडेपर्यंत नजरेनं पकडायचा. लोकांना वाटायचं स्टाईल मारतोय, पण ते मन परत जागेवर आणायचं काम होतं. मी हा व्हिडिओ भाचीला दाखवला आणि पस्तावलो, दुसऱ्या दिवसापासून ती रिंकवर पिचकाऱ्या मारायला लागली आणि तिचे सर ओरडले की राकसकोपचं पाणी आठवड्यातनं एकदा येतंय आणि तू उधळायलीस.

आता दोन मॅचांची गोष्ट, दोन्हींची तारीख २२ फेब्रुवारी, मधे बरोबर चाळीस वर्षं.

पहिली १९८०, लेक प्लॅसिडचं ऑलिंपिक, अमेरिकेची कॉलेजातली पोरं विरुद्ध सोव्हिएत संघ. सोव्हिएत गोलमध्ये व्लादिस्लाव त्रेत्याक, तेव्हा जगात त्याच्या तोडीचा दुसरा नाही असं बरेच जण मानायचे. पहिल्या पिरियडच्या अगदी शेवटच्या सेकंदाला त्यानं एक ढिला गोल खाल्ला, स्कोअर २-२ झाला. कोच तिखोनोवनी चिडून त्याला बसवलं आणि मिश्किनला पाठवलं. अमेरिका ४-३ नं जिंकली. पलीकडं जिम क्रेगनं ३९ शॉटमधले ३६ अडवले. त्रेत्याकला काढणं ही आपली मोठी चूक होती हे तिखोनोवनी पुढं स्वतःच कबूल केलं. मला त्यात दिसतं ते हे, की जगातल्या सगळ्यात भारी गोलकीपरला गोल खाल्ल्यानंतरची ती पाच मिनिटं मिळालीच नाहीत.

दुसरी २०२०, टोरांटो, एनएचएलची मॅच. कॅरोलायना टीमचे दोन्ही गोलकीपर मॅचमध्येच जायबंदी झाले. तेव्हा तिथं असा नियम होता की स्टेडियममध्ये एक इमर्जन्सी गोलकीपर बसलेला असायचा, दोन्हीपैकी कुठल्याही टीमला लागला तर. त्या दिवशी होते डेव्हिड एअर्स, वय ४२, रिंकवर बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवणारे, आईची किडनी घेऊन जगणारे. उतरले मैदानात आणि पहिले दोन शॉट, दोन्ही आत! विचार करा, टीव्हीवर मॅच चाललीय, आयुष्यातला पहिला आणि शेवटचा चान्स, आणि दोनात दोन. आपल्याकडं असतं तर पब्लिकनं खाली उतरवला असता. पण मधल्या सुट्टीत टीमनं त्यांना सांगितलं की गोलांची फिकीर करू नका, मजा करा. पुढचे आठच्या आठ शॉट त्यांनी अडवले, टीम ६-३ नं जिंकली. टक्केवारी काढाल तर दहात आठ, ऐंशी टक्के, म्हणजे नापास. म्हणून म्हणतो, नुसत्या टक्केवारीवर पण जाऊ नका.

इथं कोणीतरी म्हणेलच की मग गोलकीपरला ‘मेंटली टफ’ असावं लागतं एवढंच तुमचं म्हणणं. नाही, तसं नाही, त्या शब्दाचीच मला चीड आहे. आपल्याकडं मेंटली टफ म्हणजे ज्याला काही वाटत नाही तो, दगड. तसा दगड मला तरी चांगल्या गोलकीपरांत सापडला नाही. ग्लेन हॉल, १९५५ ते १९६२ सलग ५०२ मॅच पूर्ण खेळला, एकही सुट्टी नाही, आणि तेसुद्धा तोंडावर मास्क न घालता. हा माणूस मॅचच्या आधी उलट्या करायचा, एकदोनदा नाही, नेहमीच. भीती होती, उलटी करायची, तोंड धुवायचं आणि जाऊन उभं राहायचं.

मास्कवरून आठवलं. १ नोव्हेंबर, आपल्या सीमाभागात ही तारीख काळ्या दिनाची, सायकल फेरीची. पण १९५९ च्या १ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये झाक प्लांतच्या तोंडावर पक बसला, चेहरा फाटला, टाके घालून आल्यावर तो म्हणाला मास्क घातल्याशिवाय उतरणार नाही. कोच तयार नव्हते, पण त्या काळात टीमकडं दुसरा गोलकीपरच नसायचा, मग करतात काय. तोंडावर टाके आहेत आणि मास्क मागतोय म्हणून त्याला भित्रा समजणारे लोक होते, तेच लोक ‘टफ’ शब्दाचे बाप.

कोरी हर्शची गोष्ट तर वाचवत नाही. १९९४ चं लिलेहामर ऑलिंपिक, फायनल, कॅनडा विरुद्ध स्वीडन, शूटआउट. स्वीडनच्या पीटर फॉर्सबर्गनं एका हातानं पक सरकवत असा काही गोल मारला की त्यावर स्वीडननं पोस्टाचं तिकीट काढलं. म्हणजे एकवीस वर्षांच्या पोरानं खाल्लेला गोल लोकांनी जिभेनं चाटून पाकिटावर चिकटवला. त्याच हर्शनं पुढं बऱ्याच वर्षांनी जाहीरपणे सांगितलं की आपल्याला ओसीडी होता, नको ते विचार डोक्यात सतत फिरत राहायचे, जीव द्यायच्या टोकापर्यंत गेलो होतो. केरी प्राइस, २०१५ चा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू, २०२१ मध्ये टीमला फायनलपर्यंत घेऊन गेला आणि त्याच वर्षी व्यसनाच्या उपचारासाठी स्वतःहून दाखल झाला. तेव्हा ‘गोलकीपरचं मन’ म्हणजे पोलादी वगैरे भाषणातली वाक्यं बंद करूया. दुखतं, लागतं, रडू येतं, आणि तरी पुढच्या शॉटला नजर जागेवर येते का, एवढंच बघायचं असतं.

आता आपल्या घरचं बघू. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आपल्या कॅम्पात आहे, सकाळी तिकडून फिरायला जाणाऱ्यांना बँडचा आवाज रोजचाच. याच रेजिमेंटचा एक जवान, महूचा, सैन्यात भरती झाला तो बँडमध्ये वाजवायला, आणि पुढं भारताचा गोलकीपर झाला. शंकर लक्ष्मण. १९५६ मेलबर्न सोनं, १९६० रोम चांदी, १९६४ टोकियो परत सोनं, तिन्ही फायनल पाकिस्तानशी. ज्या नोव्हेंबरात आपल्याला उचलून म्हैसूर राज्यात घातलं त्याच महिन्यात हा माणूस तिकडं मेलबर्नला गोलमध्ये उभा होता, आणि त्या अख्ख्या ऑलिंपिकमध्ये भारतानं एकही गोल खाल्ला नाही. टोकियोची फायनल १-० नं जिंकली. त्या टीममध्ये आपल्या बेळगावचे बंडू पाटीलही होते. पुढं १९६६ च्या एशियन गेम्सला शंकर लक्ष्मण कॅप्टन, तिथंही सोनं. पद्मश्री मिळाली, अर्जुन मिळाला, सगळं कागदावर आहे. आणि २००६ मध्ये महूला पायाच्या गँगरीननं गेले, हलाखीत. मी ओळखीच्या दहा हॉकीवाल्या पोरांना हे नाव विचारून बघितलं, दोघांना माहीत होतं. ध्यानचंद दहाच्या दहांना माहीत होते, आणि असायलाच पाहिजेत, पण तरी.

श्रीजेशमुळं जरा बरे दिवस आलेत हे मान्य. २०२१ ला टोकियोत जर्मनीविरुद्ध शेवटच्या सहा सेकंदांचा पेनल्टी कॉर्नर अडवून तो गोलच्या खांबांवर चढून बसला, तो फोटो अजून लोकांच्या डोळ्यासमोर आहे. सविता पुनिया जगातली सर्वोत्तम गोलकीपर म्हणून लागोपाठ तीनदा निवडली गेली, तिचं नाव किती जणांना माहीत आहे ते मात्र विचारू नका.

आमचा एक मित्र, जुना सेंटर फॉरवर्ड, टिळकवाडीत लेले ग्राउंडवर याच विषयावर माझ्याशी तासभर भांडला. त्याचा मुद्दा असा की गोल मारल्याशिवाय मॅच जिंकता येत नाही, गोलकीपर फार तर हरू देत नाही, मग मोठं बक्षीस त्याला कशाला. आणि वेगळं बक्षीस आहे की. त्याच्या पहिल्या मुद्द्याला माझ्याकडं उत्तर आहे, नागानो १९९८, सेमीफायनलच्या शूटआउटमध्ये डोमिनिक हाशेकनं कॅनडाचे पाचच्या पाच जण अडवले आणि चेक टीम पुढं जाऊन सोनं घेऊन गेली. ही मॅच कुणी जिंकली मग? पण दुसरा मुद्दा जास्त खोल आहे. वेगळं बक्षीस म्हणजे एसटीतली राखीव सीट, तिथं बसवलं की बाकीच्या गाडीकडं बघायचं नाही. एनएचएलमध्ये सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफी १९६२ ला प्लांतला मिळाली, त्यानंतर कुठल्याच गोलकीपरला नाही, ते थेट १९९७ ला हाशेकला, पस्तीस वर्षं! वेझिना आहे की त्यांना, असं म्हणून पत्रकार पुढं सरकत राहिले. नंतर १९९८ ला परत हाशेक, आणि मग २००२, २०१५ आणि २०२५, एवढेच.

आणि २०२५ वाला बघण्यासारखा आहे, विनिपेगचा कॉनर हेलेबक. ज्या वर्षी हार्ट आणि वेझिना दोन्ही मिळाल्या त्याच वर्षी प्लेऑफच्या पहिल्या फेरीत सेंट लुईसला जाऊन तीन मॅच खेळला आणि तिन्हीमध्ये त्याला मधूनच काढून बसवावं लागलं. तीनदा! आपल्याकडच्या पेपरात ‘फुगा फुटला’ असं छापून आलं असतं. सातव्या, शेवटच्या मॅचला कोचनी परत त्यालाच उभं केलं, आणि दुसऱ्या एक्स्ट्रा टाइमपर्यंत ताणलेली ती मॅच विनिपेगनं जिंकली. मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, नशीब. असेल. चहाचे पैसे त्यानंच दिले.

आपल्याकडं गोलकीपर निवडतात कसा ते आठवा. जो उशिरा आला तो, जो जाड आहे तो, ज्याला पळवत नाही तो, आणि गल्लीत ज्याचा बॉल आहे त्याला तर कधीच नाही. मी स्वतः शाळेत असा झालो गोलकीपर, पायाला गळू आलं होतं म्हणून. तीन वर्षांत मला कोणी सांगितलं नाही की गोल खाल्ल्यावर काय करायचं असतं. सर एवढंच सांगायचे, “लक्ष कुठं असतंय तुझं?” लक्ष मागच्या गोलात असायचं, दुसरं कुठं. शूटिंगचा सराव रोज तासभर, त्यात आम्ही म्हणजे दुसऱ्यांच्या सरावासाठी उभी केलेली भिंत.

म्हणून स्पर्धा घेणाऱ्या मंडळांना माझं म्हणणं असं आहे की गोलच्या मागं एक माणूस बसवा. पगारी नको, कॅमेरा नको, एक शाळकरी पोरगं आणि एक वही पुरे. शॉट किती आले, किती अडवले, जवळून किती, लांबून किती, आणि गोल खाल्ल्यानंतरच्या पाच मिनिटांत काय झालं हे एक वेगळं खण. मग बक्षीस हरलेल्या टीमच्या गोलकीपरला द्यायची पण हिंमत ठेवा, आणि ‘मॅन ऑफ द मॅच’ म्हणताना गोलकडं एकदा बघून घ्या. सोपं नाही हे, मान्य आहे, शॉट कशाला म्हणायचं यावरनंच पहिल्या दिवशी भांडणं होतील, अंगाला लागून बाहेर गेला तो धरायचा का नाही वगैरे. होऊ देत. निदान त्या निमित्तानं दहा जण गोलकीपरकडं बघतील तरी.

हे सगळं मी लेखी देऊन आलो कमिटीकडं, जानेवारीत. सोबत त्या भडंगाच्या कागदाची झेरॉक्स जोडली, तेलाचे डाग झेरॉक्सवर काळे आलेत. सेक्रेटरींनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “मग पुढच्या वेळी तुम्हीच बसा की गोलमागं. खुर्ची देतो.” 

भाचीला सांगितलं तर तिला त्याचं काही नाही, ती कागद बघत होती. फुल्या मोजल्या नाहीत तिनं. तिसऱ्या आणि चौथ्या फुलीच्या मधल्या रेघांवर बोट ठेवून म्हणाली, “मामा, हे अकरा सलग आहेत की हो.” होते खरे, मी मोजले नव्हते.